पुरस्काराचा फॉर्म भरताना

बीड, श्रावण

प्रिय सुनंदा,

तुझा फोन आला तेव्हा मी कागदांच्या ढिगात बसले होते, म्हणून धड बोलता आलं नाही. आता निवांत लिहिते.

जिल्हा उद्योग केंद्र दरवर्षी लघुउद्योजकांना जिल्हा पुरस्कार देतं. पहिल्याला 15,000 रुपये, दुसऱ्याला 10,000, सोबत गौरवचिन्ह आणि पाहुण्यांच्या हस्ते सत्कार. रक्कम फार नाही, पण तो फोटो दुकानात लागला की बँकेतला साहेब बसायला खुर्ची देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून या वेळी ठरवलं की आपल्या ओळखीतल्या एका बाईचा अर्ज भरायचाच. ती लाकडी घाणा चालवते. करडई आणि शेंगदाण्याचं तेल काढते, पेंड गाई-म्हशीवाल्यांना विकते. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

तू विचारशील, करडई अजून मिळते का? मिळते, पण शोधावी लागते. सगळीकडे सोयाबीन झालंय. आपल्या लहानपणी ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईचे पट्टे असायचे आणि घरोघरी तेच तेल असायचं. ही बाई गावोगाव फिरून दोन-दोन पोती जमवते. घाणा चालू असताना तिच्याकडे जाऊन उभी राहा, वासानं पोट भरतं. एक घाण निघायला वेळ लागतो, ती घाई करत नाही. तेल दोन दिवस निवळू देते आणि मगच बाटलीत भरते. मोंढ्यातले व्यापारी तिला म्हणाले, थोडं दुसरं तेल मिसळ, कोणाला कळणार नाही. तिनं ऐकलं नाही. म्हणून तिची गिऱ्हाइकं तुटत नाहीत.

आणि सुनंदा, हीच बाई आधी नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. दसरा झाला की मुकादमाची उचल घ्यायची, ट्रकमध्ये भांडी-कुंडी टाकायची आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपीत राहायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी यायचं ते उन्हाळा लागल्यावर. आपल्या जिल्ह्यातून अशी लाखांच्या घरात माणसं जातात. शाळेत असताना आपल्या वर्गातली निम्मी बाकं दिवाळीनंतर रिकामी व्हायची, तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता. आज ही बाई स्वतः तर गावातच राहते, पण तिच्याकडे पॅकिंगला आणि पाखडायला येणाऱ्या दोघीही आता उसाला जात नाहीत. त्यांची पोरं वर्षभर एकाच शाळेत शिकतात. मला विचारशील तर तिचा खरा पराक्रम हाच आहे. तेल त्यानंतर.

आता अर्जाकडे येते. अट अशी की उद्योगाची किमान तीन वर्षांची नोंदणी हवी, सलग दोन वर्षं उत्पादन चालू हवं आणि मालक कुठल्याही वित्तीय संस्थेचा थकबाकीदार नसावा. नोंदणी आहे, उत्पादन आहे. अडकलं ते तिसऱ्या अटीवर. गेल्या काही वर्षांत बीडमधल्या मल्टीस्टेट पतसंस्था एकामागून एक कशा बंद पडल्या, ते तू वाचलंच असशील. इथल्या भाजीवाल्यांपासून सोनारांपर्यंत कितीतरी लोकांची रोजची पिग्मी त्यांत गेली. हिचीही गेली. मशीनच्या कर्जाचा हप्ता भरायला बाजूला टाकलेला तोच पैसा होता. हप्ते थकले आणि ती थकबाकीदार झाली. म्हणजे जिनं बचत केली, तीच कागदावर बुडवी ठरली. मी फॉर्म मिटून ठेवला, आणि अजून मनातून राग जात नाही.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. सरकारी पैसा देताना पडताळणी हवीच. पण या पद्धतीनं निवडलं की तिथवर पोचतो तो ज्याचे कागद नीट आहेत, ज्याला हिशेबनीस परवडतो. शिवाय उत्पादन ही अट असल्यामुळे दुकान, दुरुस्ती, चहा-नाश्ता या सगळ्यांना तिथं जागाच नाही. बीडच्या सुभाष रोडवर सगळी हयात काढलेली माणसं त्यात कुठं बसणार?

आपल्या मातीत माणसं आहेत गं. आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत आठव. पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते, तिथं कॉम्प्युटर बघून ग्राफिक्स शिकले. लॉकडाऊनमध्ये गावी आले आणि रेंज मिळावी म्हणून डोंगरावरच्या गोठ्यात काम सुरू केलं. पुढे टीव्हीवरच्या शार्क टँकमध्ये अमन गुप्तांनी भगतांच्या कंपनीत एक कोटी गुंतवले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात हिंगळजवाडीच्या कमल कुंभार आहेत. बांगड्या विकण्यापासून सुरुवात, मग कोंबड्या, मग गावोगावच्या बायकांना धंद्याला लावणं. 8 मार्च 2022 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. त्यांची नावं घेताना ऊर भरून येतो. पण तिथवर न पोचलेल्यांचं काय? बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ पहाटे वेचून घाटात पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकांना कोणी उद्योजक म्हणत नाही. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचा सन्मान झाला, वेचणारीचा राहिला.

तुला एक सांगू? निजामाच्या काळात बीडची ओळख कारागिरांमुळे होती. इथल्या चामड्याच्या छागला आणि गुप्त्या लांब-लांब जायच्या, सरकारी गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. मात्र ते करणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठं सापडत नाही. म्हणून मला वाटतं की नावं आत्ताच घेतली पाहिजेत, चारचौघांत, मोठ्यानं.

तर माझ्या डोक्यात असं आहे. तू अण्णांच्या नावानं गावात काहीतरी करायचं म्हणत होतीस. मंदिराला फरशी नको, खूप झाली. अण्णांनी चाळीस वर्षं कापड दुकान चालवलं, सणाला उधारी दिली, वसुलीला कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत. त्यांच्या नावानं दरवर्षी एकाच छोट्या धंदेवाल्याचा सत्कार करू. अर्ज त्यानं करायचा नाही. त्याच्याकडे काम करणाऱ्यांनी किंवा गिऱ्हाइकांनी नाव सुचवायचं. मुख्य प्रश्न एकच विचारायचा: तुमच्यामुळे यंदा किती माणसं उसाला गेली नाहीत? शाल-श्रीफळ द्यायचंच, ते माणसाला हवं असतं. पण पैसे थेट त्याच्या कामाला जावेत, हप्ता असेल तर हप्त्यात, मोटार जळाली असेल तर मोटारीत. पहिल्या वर्षी कोणाला द्यावं, हे माझ्या मनात पक्कं आहे, पण ठरवू चौघांनी बसून.

कार्यक्रमाला तू मात्र यायलाच हवंस. आता नगरपर्यंत आलीस की पुढं बीडला रेल्वे आहे, 17 सप्टेंबर 2025 ला सुरू झाली. अण्णा ज्या रेल्वेची वाट बघत गेले, तीच. सीताफळांच्या दिवसांत आलीस तर धारूरला जाऊ, तुझ्या नातवंडांना झाडावरचं खाऊ घालू.

पैशांचं आणि तारखेचं काय ते लवकर कळव. दसऱ्याच्या आत ठरलं पाहिजे. ज्यांना नावं विचारायची, त्यातली बरीच माणसं त्यानंतर गावात सापडणार नाहीत.

तुझी,
मंगल