सागवानी चौकट

समुद्र आमच्या अमरावतीपासून शेंकडों मैल दूर, तरीहि परवां कॅलिफोर्नियाहून पुतण्यानें विचारलें, "काका, पाण्याखालीं मासे मारण्याची बंदूक घ्यायची आहे. लांकडाची घेऊं कीं ॲल्युमिनियमची?" वडाळीच्या तलावापलीकडे ज्यानें पाणी पाहिलें नाहीं, त्यानें काय सांगावें?

पण लांकडाचा विषय निघाला कीं वऱ्हाडी माणसाला मेळघाटचा साग आठवतो. मला वाचा फुटली. ही बंदूक दारूची नव्हे. ताणलेल्या रबरी पट्ट्यांच्या जोरावर तिचा भाला सुटतो. त्या वेळीं बसणारा हिसका जड लांकूड पोटांत घेतें. सागाच्या अंगींच तेल असल्यानें तो पाण्याला सहजीं दाद देत नाहीं. मात्र गांठ नसावी, रेषा सरळ असाव्या आणि लांकूड पुरतें मुरलेलें असावें. नाहींतर तें वांकतें नि नेम चुकतो.

हें सारें मीं कळविलें. उत्तर आलें, "मग अकोल्याच्या वाड्याची चौकटच द्या कीं!"

वाडा गेला, चौकट तेवढी मजपाशीं आहे. सरळ, बिनगांठीची, मुरलेली! पण तिच्या एका बाजूवर त्याच्या वडिलांची दरसालची उंची आमच्या आईनें चाकूनें कोरलेली आहे; आणि भाऊ आतां राहिला नाहीं.

कोरें लांकूड त्याला द्यावें, खुणांचें आपण ठेवावें, असें मीं प्रथम ठरविलें. मग वाटलें, भाऊ माझा खरा. पण वडील त्याचे! दोन्ही लांकडें पुसून ठेवलीं आहेत. तो येईल तेव्हां त्यानेंच निवडावें.