बंदा रुपया, सन १९३९

नाणी जमवणाऱ्यांच्या गप्पांत त्याला कुणी रुपया म्हणत नाही. "एकोणचाळीस आहे का?" एवढंच विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं की त्याच्याकडे तो नाही.

दिसायला अगदी साधा. एका बाजूला मुकुट घातलेला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला फुलांच्या वेलीत 'वन रुपी इंडिया' आणि साल. तळाशी कमळाजवळ मुंबईच्या टांकसाळीचा बारीक ठिपका. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा. जुने सराफ पारड्यात वजन म्हणून रुपयाच टाकत, ते उगाच नव्हे. आणि अंगात बाराला अकरा भाग चांदी.

या चोखपणानेच त्याचा घात केला. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि लोकांचा कागदावरचा विश्वास डळमळला. नोटा देऊन रुपये घ्यायचे आणि घरात दडवायचे, असं सुरू झालं. १९४० मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातली चांदी थेट निम्म्यावर आणली. मग काय, बाजारात निम्म्या चांदीचा रुपया खर्चायचा आणि चोख रुपया मडक्यात घालायचा, हे शिकवायला अर्थशास्त्र लागत नव्हतं. पुढे सरकारनेही जुने चोख रुपये टप्प्याटप्प्याने बाद केले. एकोणचाळीसचा मुळातच थोडा पाडलेला. त्यातला बराचसा आटला: काही सरकारी भट्टीत, काही गावच्या सोनाराच्या मुशीत. कुठल्या आजीच्या वाळ्यात, कुठल्या नातवाच्या करदोट्यात तो विरघळला असेल, कोण सांगणार!

१९४६-४७ मध्ये तर रुपयातून चांदीच गेली. निकेलचा रुपया आला. १९४७ च्या रुपयावर मागे वाघ आणि पुढे जॉर्ज. स्वातंत्र्य मिळालं तरी राजा खिशात राहिला, तो १९५० ची नवी नाणी येईपर्यंत.

जो एकोणचाळीस उरला, त्याला तोतये फार. ओतीव नकला आहेतच, पण त्या जाणत्याच्या हाताला लगेच कळतात. खरा कसबी चोर १९३८ चा अस्सल रुपया घेतो आणि आठाचा नऊ करतो. आता तपासा! तराजू खरं बोलतो, टणत्कार खरा, चांदी खरी. खोटा फक्त एक आकडा. म्हणून जाणकार आधी वजन करत नाहीत, भिंग काढतात. सालात पहिला नऊ जवळच असतो, त्याच्याशी दुसरा ताडून पाहतात. आकड्याभोवतीच्या सपाट भागावर खरवडल्याच्या रेघा आहेत का, तिथली झिळई बाकीच्या नाण्यापेक्षा वेगळी आहे का, हे बघतात. घासून लखलखीत केलेला एकोणचाळीस दिसला की मला तरी आधी शंकाच येते.

त्याचा थोरला भाऊ, अडतीस, मात्र बिचारा सहज मिळतो. तीच चांदी, तेच वजन, तोच राजा. नवख्याने आधी तोच घ्यावा, भिंगाखाली धरून त्याचा आठ पाठ करावा, आणि मगच एकोणचाळीस विकणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढावी.