नातवाचा ‘दशावतार’

वयाची पासष्टी गांठलेल्या, जुन्या मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या आणि उभा जन्म पोरांकडून रूपावली पाठ करून घेण्यांत घालविलेल्या शाळामास्तरानें विलायती धर्तीच्या दणदणाटी संगीतावर लेखणी उचलावी, हें पाहून आमचे जुने विद्यार्थी हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. चार महिन्यांपूर्वीं आम्हांला हंसण्याइतकी सुद्धां सहनशीलता नव्हती.

आमचें घर एकत्र कुटुंबाचें. खाप्याला कन्हानेच्या बाजूस जुना वाडा आहे. त्यांत आम्ही, आमचे धाकटे बंधू आणि दोघांचीं मुलेंबाळें राहतों. नातू यंदा दहावीस आहे. दिवेलागणीची वेळ झाली कीं माडीवरून असा कांहीं घोष सुरू होई कीं आमच्या धाकट्या भावजयीच्या हातांतली वात थरथरे. शेवटीं एके दिवशीं सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, तुम्हीच एकदां त्याला सांगा. आमचें तो ऐकत नाहीं.”

आम्ही माडी चढलों. हातांत छडी नव्हती, पण जिभेवर होती. चिरंजीव, म्हणजे नातवाचे वडील, खिडकीशीं वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनीं मान वर केली नाहीं. नातवानें मात्र आमचा चेहरा ओळखला. तो म्हणाला, “आबा, रागवायच्या आधीं एकदां हें पाहा. यांतलीं नांवें तुमचींच आहेत.” आणि त्यानें मोबाइल पुढें केला. इंग्रजी अक्षरांत ओळीनें लिहिलें होतें: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्कि. दहा गाणीं, दहा अवतार! जीं नांवें आम्हीं या मुलाला तो चार वर्षांचा असतांना मांडीवर बसवून शिकविलीं, तींच नांवें तो आज आम्हांस परत दाखवीत होता. जिभेवरची छडी जिभेवरच राहिली.

तें ‘दशावतार’ नांवाचें ध्वनिमुद्रण मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या संघाचें. साहिल मखीजा यांनीं हा संघ २००० सालीं उभारला. गिटारहि तेच वाजवितात आणि गातातहि तेच. हें ध्वनिमुद्रण २०१७ सालीं निघालें, म्हणजे जगाला तें जुनें झालें. आम्हांस मात्र तें अगदीं नवें. संघाच्या नांवाचा अर्थ ‘राक्षसी पुनरुत्थान’ असा कांहीं तरी होतो. राक्षसाच्या नांवाच्या मंडळींनीं विष्णूचे अवतार गावे, यांतली गंमत प्रथम आम्हांस टोंचली आणि मग आवडूं लागली.

पहिल्या ऐकण्यांत आम्हांस दोनच गोष्टी कळल्या. एक, नगारा कोणी तरी दोन्ही पायांनीं बडवीत आहे. आणि दुसरी, गाणाराचा गळा कोणी तरी दाबून धरला आहे. पैकीं पहिली गोष्ट अक्षरशः खरी निघाली. नातवानें चित्र दाखविलें: वादक बसलेला, आणि त्याचे दोन्ही पाय दोन पायट्यांवर आळीपाळीनें धांवत आहेत. तें पाहतांच आम्हांस आमच्या लहानपणचें खापें आठवलें. हें गांव विणकरांचें. कोष्टी मंडळींच्या आळींतून शाळेस जातांना घराघरांतून मागांचा आवाज येई. विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसलेला, पाय पावड्यांवर, हातानें धोटा इकडून तिकडे, खट्-खटा-खट्, खट्-खटा-खट्. त्या आवाजाला कोणी गोंगाट म्हणत नसे. तो थांबला कीं उलट लोक विचारीत, ‘आज काय झालें?’ तेव्हां आवाज मोठा आहे एवढ्यावरून तो वाईट ठरत नाहीं, इतकें तरी आम्हांस कबूल करावें लागलें.

मग शिक्षकाची खोड जागी झाली आणि या संगीताचें मूळ आम्हीं शोधूं लागलों. त्याचें मूळहि कारखान्यांतच सांपडलें. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें लोखंडाचें व यंत्रांचें शहर. तेथील टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यांत काम करणारा सतरा वर्षांचा मुलगा. यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा वाजविणारा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच! त्यानें प्लॅस्टिक वितळवून बोटांस टोपणें केलीं, आणि पुढें बोटांस त्रास कमी व्हावा म्हणून गिटारीच्या तारा सैल सोडल्या. तारा सैल झाल्या, स्वर खालीं उतरला, जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संघाचें पहिलें ध्वनिमुद्रण १९७० सालीं निघालें, आणि ज्याला आज ‘मेटल’ म्हणजे धातु म्हणतात त्या संगीताचा उगम बहुतेक जाणकार तेथेंच मानतात. एका पोराच्या तुटलेल्या बोटांतून एवढा पंथ निघाला, हें वाचून आमचें मन पुष्कळ निवळलें.

या पंथाची एक शाखा अशी कीं ती गिटार-नगाऱ्याच्या जोडीला युरोपांतील मोठा वाद्यवृंद घेते: व्हायोलिनांचे ताफे, शिंगें, समूहगान. फिनलंडमधील किटे या गांवीं १९९६ सालीं निघालेला ‘नाइटविश’ हा संघ या शाखेंतील नामांकित. त्यांच्या २०१५ च्या ध्वनिमुद्रणांत चोवीस मिनिटांचें एक गीत आहे. विषय पृथ्वीवरील जीवसृष्टीची उत्क्रांति, आणि मध्येंच प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स स्वतः बोलतात. नातू म्हणाला, “आबा, आपला दशावतार सुद्धां उत्क्रांतीच ना? आधीं मासा, मग कासव, मग डुक्कर?” हा तर्क आम्हीं सभांतून पुष्कळदां ऐकला आहे. आम्हांस तो ओढून आणलेला वाटतो. पुराणकारांस प्राणिशास्त्र सांगावयाचें नव्हतें. संकट जसें येतें तसें रूप घ्यावें लागतें, हें सांगावयाचें होतें. पाण्याचें संकट आलें तर मासा व्हावें, पृथ्वी बुडाली तर सुळे असलेलें वराहरूप घ्यावें. हें आम्हीं त्यास समजावून दिलें, आणि कित्येक वर्षांनीं आमच्या तोंडून पुराण ऐकतांना त्या मुलानें जांभई दिली नाहीं.

नंतर हा आमचा रोजचा पाठच झाला. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं एक अवतार ऐकावयाचा आणि त्यावर बोलावयाचें. ‘मेटल’ची भाषा इंग्रजी, शब्द कानांनीं उमगत नाहींत, म्हणून नातू ते आधीं वाचून दाखवी. यादीवरूनहि बोलणें निघालें. जयदेवानें गीतगोविंदाच्या आरंभीं जे दहा गाइले त्यांत कृष्ण नाहीं, नांगर घेतलेला बलराम आहे. कारण जयदेवाच्या दृष्टीनें कृष्ण हा अवतार नव्हे, अवतार घेणारा. आपल्याकडील जुन्या चित्रांत नवव्या जागीं कित्येकदां कमरेवर हात ठेवून विठोबाच उभा असतो. या मुंबईकरांनीं आठवा कृष्ण आणि नववा बुद्ध घेतला आहे. नातवाला वाटत होतें, यादी दगडावर कोरलेली असते. ती गाणारागणिक बदलते हें त्यास नवें होतें.

आतां आमचें मत. रसशास्त्राच्या तराजूंत घालून पाहिलें तर या ध्वनिमुद्रणांत रौद्र, भयानक आणि अद्भुत हे तीन रस भरपूर आहेत, आणि ते खोटे नाहींत. आम्ही घरोघर देवांचीं चित्रें टांगतों तीं गोंडस, गुलाबी गालांचीं. वराहाचे सुळे आणि नरसिंहाचीं नखें आम्हीं गुळगुळीत करून टाकलीं आहेत. भरतमुनींनीं मात्र आठ रसांत रौद्र, भयानक व बीभत्स यांस शृंगाराच्याच पंगतींत बसविलें. तो घोगरा, पोटांतून निघणारा कंठ आम्हांस आरंभीं विटंबना वाटला. पण खांब फोडून बाहेर येणारा नरसिंह कांहीं भैरवी आळवीत आला नसेल! त्या गर्जनेच्या आड मधूनच सरळ, स्वच्छ गायन येतें. तीं स्थळें आम्हांस सर्वांत अधिक आवडलीं, कारण अंधारांतून आल्यावर दिवा अधिक उजळ दिसतो.

दोषहि सांगितले पाहिजेत. सर्व दहाहि अवतारांस जवळजवळ एकाच तापमानांत तापविलें आहे. वामन हा बटु आहे. तो लहान पावलांनीं यावा आणि मग त्रिविक्रम व्हावा, तरच त्याच्या वाढण्यांत गोडी. आणि बुद्धापाशीं तरी नगारखाना थांबावयास हवा होता. शांतास नववा रस मानावें कीं नाहीं यावर आपल्या पंडितांनीं शतकानुशतकें वाद घातला; या मंडळींनीं तो वाद, आमच्या कानांस तरी, ऐकलेला दिसत नाहीं. नातवास हें मत मान्य नाहीं. तो म्हणतो, “आबा, तुम्ही अजून नीट ऐकलेलें नाहीं.” असेल. आम्ही विद्यार्थीच आहोंत.

चौथ्या गाण्यावर मात्र आम्ही अडलों. नरसिंहाची कथा आपणां सर्वांस पाठ आहे. पण तिचा शेवट आपण घाईनें सांगतों. भागवताच्या सप्तम स्कंधांत असें आहे कीं हिरण्यकशिपु मेला तरी नरसिंहाचा राग उतरेना. ब्रह्मादिक देव दूर उभे राहून स्तुति करूं लागले. प्रत्यक्ष लक्ष्मीलाहि जवळ जाण्याचा धीर झाला नाहीं. मग प्रल्हाद पुढें झाला. लहान मूल, तें सरळ जवळ गेलें आणि पायांशीं पडलें, तेव्हां त्या उग्र देवानें त्याच्या मस्तकावर हात ठेविला. हें आम्ही नातवास सांगत होतों आणि सांगतां सांगतां आमचा आवाज बसला. खिडकीशीं चिरंजीव होते. ते उठून खालीं गेले.

वाचकांपासून कशाला लपवावें? २००१ सालीं आमचे हे चिरंजीव नागपुरास कॉलेजांत होते. शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून त्यांनीं एक गिटार घेतली, आणि सुटींत ती घरीं आणली. परीक्षेंत एका विषयांत गुण कमी पडले होते. आम्हीं ती गिटार तारांसकट भंगारवाल्यास देऊन टाकली. मोडली सुद्धां नाहीं. मोडली असती तर रागाच्या भरांत झालें असें म्हणण्यास जागा राहिली असती. आम्हीं तें शांतपणें केलें, आणि त्यास शिस्त म्हटलें. चिरंजीव एक शब्द बोलले नाहींत. पुढें ते उत्तम तऱ्हेनें पास झाले, सावनेरास नोकरीस लागले, आजवर कधीं उलट उत्तर दिलें नाहीं. फक्त त्या दिवसापासून त्यांना गुणगुणतांना कोणी ऐकलें नाहीं. आम्हीं तें शहाणपण समजत आलों.

दिवाळीच्या सुटींत आम्ही तिघे, चिरंजीव, नातू आणि आम्ही, रामटेकास गेलों. गडावर पांचव्या शतकांतील, वाकाटकांच्या राज्यांतलीं लहान लहान देवळें आहेत: वराहाचें, त्रिविक्रमाचें, रुद्र-नरसिंहाचें आणि केवल-नरसिंहाचें. मुंबईच्या त्या मंडळींचे कांहीं नायक आमच्या जिल्ह्यांत दीड हजार वर्षांपूर्वींच दगडांत उतरले होते, याचा नातवास फार अभिमान वाटला. केवल-नरसिंहापुढें आम्ही बराच वेळ उभे होतों. येथें मांडीवर हिरण्यकशिपु नाहीं, पोट फाडणें नाहीं. हातांत चक्र घेऊन देव एकटा बसला आहे. पूर्वीं अनेकदां हें दर्शन घेतलें होतें. तो एकटा आहे हें त्या दिवशीं प्रथमच ध्यानांत आलें.

उतरतांना पायऱ्यांवर आम्हीं चिरंजीवांस म्हटलें, “ती गिटार देऊन टाकली, तें बरें झालें नाहीं.” एवढेंच म्हणावयास इतकीं वर्षें लागलीं. ते म्हणाले, “जाऊं द्या, बाबा. फार जुनी गोष्ट.” आणि उन्हाची तिरीप चुकवून आमचा हात धरून खालीं उतरूं लागले.

गेल्या आठवड्यांत नातवानें मित्राची गिटार चार दिवसांकरितां मागून आणली. माडीवर बसून तो त्या चौथ्या गाण्याचा आरंभ वाजविण्याचा खटाटोप करीत होता, आणि तो कांहीं जमत नव्हता. आम्ही पोथी पुढें घेऊन बसलों होतों. चिरंजीव कामावरून आले, दारांत क्षणभर उभे राहिले. मग जवळ जाऊन त्यांनीं ती गिटार मुलाच्या हातून घेतली, म्हणाले, “असा तो स्वर निघायचा नाहीं. हीं गाणीं खालच्या पट्टींत असतात,” आणि एकेक खुंटी पिळून ते तारा सैल करूं लागले.