हप्त्याहप्त्याने आलेला समुद्ररस्ता

फ्लॅट ईएमआयवर, गाडी ईएमआयवर. मग मुंबईला रस्ता तरी एकरकमी कसा मिळणार, बॉस? शहरासाठी फ्रीवेचं जाळं सुचवणारा विल्बर स्मिथचा अहवाल १९६३चा. पश्चिम किनाऱ्यावरचा पहिला हप्ता हातात पडला ३० जून २००९ला! वांद्रे-वरळी सी लिंक, ५.६ किलोमीटर. त्यातही आठपैकी चारच लेन. उरलेल्या चार मार्च २०१०मध्ये. पाण्यावरून भुर्रकन यायचं आणि वरळीला उतरलं की पुन्हा सिग्नलच्या रांगेत!

दुसरा हप्ता मार्च २०२४चा, कोस्टल रोड. तोही आधी एकाच दिशेने, वरळीहून मरीन ड्राइव्हकडे. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरचा बोगदा, एकदम झक्कास! परतीची बाजू जूनपासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. पण सी लिंक समोर दिसत असूनही तिच्यावर थेट जाता येत नव्हतं. दोन्ही तुकडे जोडणारे कमानीचे पूल सप्टेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५मध्ये एकेक करून सुरू झाले.

या जोडणीची खरी गोष्ट मात्र पुलाखाली आहे. वरळी कोळीवाड्यातल्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून याच पट्ट्यातून समुद्रात जातात. मूळ आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. भरती आणि वाऱ्यात होडी खांबावर आदळली तर? कोळी बांधवांनी काम रोखून धरलं. अखेर २०२३मध्ये एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. त्यांची मागणी याहून जास्त होती. आपली वाट जुळावी म्हणून त्यांची वाट बंद होऊ नये, एवढंच तर म्हणणं होतं!

सी लिंकवर बाइकला आणि पायी जायला बंदी आहे. म्हणून एखाद्या संध्याकाळी वरळी सी फेसवर जा. कमानीवरून गाड्या सुसाट जाताना दिसतील. आणि नशीब असेल तर खालून एखादी होडीही.

पुढचा हप्ता वांद्रे-वर्सोवा सी लिंकचा. काम सुरू आहे, तोवर उत्तरेकडे जाणाऱ्यांना वांद्र्यात उतरून ट्रॅफिक आहेच. त्या किनाऱ्यावरही खार दांडा, जुहू, वर्सोव्याचे कोळीवाडे आहेत. आपली किती मिनिटं वाचणार हे मोजताना होडीला किती मीटर लागतात, तेही आधीच विचारून घेतलेलं बरं!