श्वास पुरला पाहिजे

काही वर्षांपूर्वी, पावसाळा नुकताच सरलेला असताना, मी सकाळच्या ड्यूटीवर होते. द्राक्ष बागायतदारांसाठी एक सूचना वाचायची होती, डाऊनी रोगावरच्या फवारणीबद्दल. सरकारी वाक्य होतं, तीन ओळींचं. अर्ध्यावर आले आणि श्वास संपला. वाक्य थांबायच्या जागी मी थांबले नव्हते, श्वास संपला म्हणून थांबले होते. घरी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण माईकसमोर वीस वर्षं काढलेल्या बाईला स्वतःची चोरी बरोबर कळते.

आम्ही मिरजेचे. सतारमेकर गल्लीपासून आमचा मोहल्ला हाकेच्या अंतरावर. लहानपणी दुपारी जवारी लावतानाचा तो एकाच तारेचा आवाज ऐकत आम्ही अभ्यास करायचो. कॉलेजात असताना आकाशवाणीची आवाजाची चाचणी दिली, पुढे 'वाणी'चं प्रशिक्षण झालं आणि सांगली केंद्रावर मी हंगामी निवेदिका झाले. पहाटे पाचला नवरा स्कूटरवरून सोडायचा. संकेतधून, वंदे मातरम्, मंगलध्वनी आणि मग माझा आवाज. ती संकेतधून वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची मानली जाते. हिटलरच्या काळात ते युरोप सोडून मुंबईत आले होते. मला ती ऐकताना अजूनही पोटात गलबलतं. हिवाळ्यात उजाडायला उशीर, तेव्हा फजरची नमाज एखादं लांबलचक रेकॉर्डिंग चालू असताना शेजारच्या खोलीत व्हायची.

मोहल्ल्याला माझं कौतुक होतं. लग्नकार्यात बायका पाहुण्यांना सांगायच्या, "अपनी बच्ची रेडिओ पे बोलती." मुलीच्या जातीने नोकरी करण्याला नाकं मुरडणाऱ्यांनीही माझ्या या नोकरीला कधी हरकत घेतली नाही. तेव्हा मला हा मोठेपणा वाटायचा. त्यामागचं कारण पुढे कळलं.

रेडिओवाल्या माणसाचा सगळा जीव गळ्यात असतो. बर्फाचं पाणी नको, तळलेलं नको, लोणचं नको, रात्री हळदीचं दूध घे. हे सगळं गळ्यासाठी. गळ्याखाली जे काही आहे ते खुर्चीवर ठेवायचं असतं, एवढंच. आठ-आठ तास बैठक, दर तासाला गोड चहा, रात्रीची सभा संपवून अकरानंतर जेवण. आमच्या घरचा नाश्ता म्हणजे बेकरीची खारी, नानकटाई आणि पुन्हा चहा. प्रशिक्षणात शिकवलं होतं की श्वास छातीतून नाही, पोटातून घ्यायचा. पोटच पुढे आलेलं असेल आणि माणूस कन्सोलवर वाकून बसलेला असेल, तर श्वासपटलाला खाली जायला जागा कुठून मिळणार? मग वाक्य तोडावं लागतं. मी संहितेवर श्वासाच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ मारते. जुन्या संहिता काढून पाहिल्या. दरवर्षी रेघा वाढत गेल्या होत्या.

आरोग्याच्या कार्यक्रमासाठी मिरजेतलेच एक डॉक्टर आले होते. विषय मधुमेह. मी प्रश्न विचारत होते, ते उत्तरं देत होते. तहान लागणं, थकवा, सारखं लघवीला जावं लागणं. लाल दिवा विझल्यावर ते म्हणाले, "ताई, अर्ध्या तासात तुम्ही तीन ग्लास पाणी प्यायलात. स्वतःची तपासणी केलीय का कधी?"

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.८ आला. साडेसहापासून पुढे मधुमेह, हे मीच श्रोत्यांना कितीदा सांगितलं होतं!

डॉक्टरांनी गोळी दिली आणि चालायला सांगितलं. रोज, दमछाक होईल इतक्या वेगाने. मी पांढरे बूट आणले, बुरख्याखाली घातले आणि ड्यूटी नसेल त्या दिवशी फजरनंतर कृष्णाघाटाच्या रस्त्याला लागले. पहिल्या दिवशी कुत्री मागे लागली. चौथ्या दिवशी माणसं.

कोपऱ्यावरच्या खालांनी सासूबाईंना गाठून सांगितलं, "बहू को बोलो गे. घर का काम कम पड्या क्या? सुबे सुबे रस्तेपे हात हिलाते चलती." याच खाला माझा आवाज ओळखतात म्हणून मिरवायच्या. तेव्हा ध्यानात आलं. वीस वर्षं मी त्यांच्या घराघरांत जात होते, पण शरीर घरी ठेवून. आवाजाला ना उंची, ना जाडी, ना चाल. तो कुणाच्या नजरेत येत नाही. पाय मात्र येतात.

सासूबाई काही दिवस गप्प होत्या. मग एका सकाळी मी उठायच्या आत माझे बूट दाराबाहेर पुसून ठेवलेले दिसले. त्यांच्या आईचा पाय साखरेने गेला होता, हे मला तेव्हा नवऱ्याकडून कळलं. स्वतः त्यांनी कधी विषय काढला नाही.

खालांच्या सुनेने एकदा दारातून हळूच विचारलं, "आपा, मैं भी आऊँ?" ती तीन आठवडे आली. चांगली झपाझप चालायची, माझ्यापेक्षा पुढे. मग यायची बंद झाली. मी कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आता आम्ही तिघी चालतो, पण ती त्यात नाही.

पहिल्या रमजानला मला भीती वाटत होती. डॉक्टरांकडे महिनाभर आधीच गेले. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, आणि साखर सत्तरच्या खाली गेली तर वेळ कुठलीही असो, रोजा सोडायचा, असं बजावलं. बोटातून रक्त काढलं तर रोजा तुटतो की काय, अशी सासूबाईंना शंका होती. मौलानांनी तुटत नाही असं सांगितल्यावर रोज दुपारी यंत्र घेऊन त्याच माझ्यासमोर बसायच्या. इफ्तारच्या आधी जोरात चालायचं नाही, त्या वेळी साखर घसरते. तरावीहमधला रुकू-सजदा हाही व्यायामच, तो धरून बाकीचं कमी करायचं. कोरड्या तोंडाने दुपारची सभा करणं अवघडच असतं. जीभ टाळूला चिकटते आणि चिकटल्याचा आवाज माईक नेमका पकडतो. पण त्या वर्षी श्वास पुरला.

दोन वर्षांत आकडा साडेसहाच्या आत आला. गोळी अजून चालू आहे. बिर्याणी सुटलेली नाही, ताटलीचा आकार बदललाय. नानकटाई मात्र खरंच सोडली आणि तिची आठवण रोज येते.

गेल्या आठवड्यात मला सुट्टी होती, पण आधी रेकॉर्ड केलेला आरोग्याचा कार्यक्रम सकाळी लागणार होता. परतीच्या वाटेवर खालांच्या दाराशी आले तर आतून माझाच आवाज येत होता, गुडघेदुखीवर डॉक्टरांना प्रश्न विचारत. खाला उंबऱ्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांनी रस्त्यावरच्या माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "आवाज बडा कर गे."