शेंड्याकडून बुडख्याकडे

शाळेची बस यायला वीस मिनिटे उरलेली असतात, शेवटची पोळी तव्यावर असते आणि कमरेपर्यंत केस असलेली आठ वर्षांची मुलगी आईच्या दोन गुडघ्यांमध्ये पाठमोरी अडकलेली असते. कंगवा भांगापाशी टेकतो, कानामागून सरसर खाली येतो आणि मानेपाशी थबकतो. मग एक हिसका, एक ‘आई गं!’ आणि त्यावर ठरलेले उत्तर : ‘रात्री वेणी सोडून झोपायला कुणी सांगितलं होतं? झिंज्या करून ठेवल्यायत नुसत्या!’ या अर्ध्या मिनिटात केस विंचरून होतातच असे नाही, पण एक निकाल मात्र लागून जातो. गुंता झाला, म्हणजे मुलगी नीट राहत नाही. माझी तक्रार हिसक्याविषयी आहेच. त्याहून जास्त ती या निकालाविषयी आहे. गुंत्याला कारण असते, अर्थ नसतो. हे विसरल्याने किती अनर्थ होतो, त्याचे टोकाचे रूप महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने फार जवळून पाहिले आहे. तिकडे पुढे वळूच. आधी कारण.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. ‘दाट’ म्हणताना आपण या संख्येबद्दल बोलतो, ‘जाड’ म्हणताना एकेका केसाच्या घेराबद्दल. जिच्या वाट्याला दाटी, जाडी आणि लांबी अशा तिन्ही गोष्टी आल्या, तिच्या डोक्यावर गुंता होणे हे वागणुकीपेक्षा गणिताच्या हातात जास्त असते. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका डब्यात दोरी टाकून तो डबा फिरवून पाहिला, थोडाथोडका नव्हे, 3,415 वेळा. 2007 साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की दोरी 46 सेंटीमीटरपेक्षा आखूड असली तर गाठ बसतच नाही. त्यापुढे लांबी वाढवत नेली की गाठींचे प्रमाण झपाट्याने चढते, आणि तेही काही सेकंदांच्या फिरवण्यात. डबा लहान घेतला, दोरीला हलायला जागा उरली नाही, की गाठी कमी होतात. केस म्हणजे ती दोरी नव्हे. तो तिच्याहून कितीतरी बारीक, आणि एकटाही नसतो. पण तत्त्व लागू पडते : लांब, लवचीक आणि मोकळे असे काहीही हलत राहिले की ते गुंतणार. तिपेडी वेणीचे शहाणपण इथेच आहे. लाखभर केसांचे ती तीन पेड करते आणि प्रत्येक केसाची हलण्याची जागा काढून घेते. वेणी शोभेसाठी असते हे खरेच, पण त्याआधी ती लहान केलेला डबा असते.

आता खुद्द केसाकडे पाहू. त्याच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात आणि सगळ्यांची तोंडे शेंड्याकडे असतात. म्हणून केसावरून मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवले तर ते घसरते. उलट फिरवले तर किंचित अडते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे आज आठ वर्षांची असलेल्या मुलीच्या अर्धा मीटर लांब केसाचा शेंडा तिच्या बालवाडीच्या दिवसांतला आहे. चार वर्षांचे ऊन, बोअरवेलचे जड पाणी, टॉवेलची घासाघीस आणि उशीचा अभ्रा यांनी त्याची कौले उचकटलेली असतात. मुळाजवळची अजून नवी असतात. त्यात रोज गळणाऱ्या केसांची भर. मोठ्या माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात, मुलांचेही गळतात. लांब, दाट केसांत ते जमिनीवर पडत नाहीत, शेजाऱ्यांना धरून आतच राहतात. मानेवर, जिथे गणवेशाची कॉलर आणि दप्तराचा पट्टा दिवसभर घासतो, तिथे हे सगळे एकत्र येते. खेळली नाही, पळाली नाही, झोपेत कूस बदलली नाही, तरच गुंता होणार नाही. असे मूल कोणाला हवे आहे?

गुंता होतो तो असा. तो सुटतो कसा, याचाही अभ्यास झाला आहे. हार्वर्ड विद्यापीठातले एल. महादेवन आणि त्यांचे सहकारी यांनी 2022 मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि मुलगी लहान असताना तिचे केस विंचरल्याची आठवण महादेवन यांनी त्या निमित्ताने सांगितली. एकमेकांभोवती वळलेल्या दोन धाग्यांतून एक दात ओढून त्यांनी ताण मोजला. कंगवा वरून खाली आणला की वळणे नाहीशी होत नाहीत, ती पुढे ढकलली जातात. खाली त्यांची गर्दी होते, गर्दीने ताण वाढतो आणि शेवटी कंगवा थबकतो. म्हणजे सकाळच्या त्या हिसक्याआधी मानेपाशी साठलेल्या गुंत्याचा बराचसा भाग कंगव्यानेच वरून आणून तिथे ठेवलेला असतो! उलट, मोकळ्या टोकापासून आखूड फटकाऱ्यांनी सुरुवात केली तर प्रत्येक वेळी थोडीच वळणे खाली सरकतात आणि शेंड्यावरून बाहेर पडतात. कुठलाही प्रश्न मुळापासून सोडवावा असे आपण मुलांना शिकवतो. ज्याला शेंडा ना बुडखा, ते बोलणे आपण निरर्थक ठरवतो. केसांना दोन्ही आहेत, मात्र त्यांचा क्रम उलटा आहे : आधी शेंडा, बुडखा सगळ्यात शेवटी.

हातांना हे कसे दिसते? नमनाला घडाभर तेल लागत नाही, चार थेंब पुरतात. ते तळव्यांवर चोळून केसांच्या खालच्या अर्ध्यावर फिरवायचे, डोक्यावर नाही. केसांचे चार भाग करून तीन बाजूला बांधून ठेवायचे. चौथ्याचा गुंत्याच्या वरचा भाग डाव्या मुठीत घट्ट धरायचा. सगळ्या खटाटोपातली महत्त्वाची गोष्ट ही मूठ. ओढ किती का बसेना, ती मुठीपाशी थांबते, टाळूपर्यंत जात नाही. मग रुंद दातांच्या कंगव्याने शेवटची दोन बोटे विंचरायची, नंतर चार, नंतर वीतभर. गाठ लागली की कंगवा खाली ठेवायचा आणि बोटे वापरायची. गाठीकडे नीट पाहिले तर तिचा बहुतेक फुगा सैल असतो. दोनचार केसांचेच फासे घट्ट असतात, आणि ते गाठीच्या पोटात नव्हे, कडेला सापडतात. त्यातला एक केस नखाने बाहेर ओढला की बाकीचे आपणहून ढिले पडतात. सरळ केस चिंब ओले असताना या फंदात पडू नये. पाण्याने केस ताणतो आणि लवकर तुटतो. घट्ट कुरळ्या केसांचे उलटे : ते दमट असताना, कंडिशनर लावून, रुंद दातांनी सोडवलेले बरे. सगळ्याला दहाबारा मिनिटे लागतात. हिसक्याने तीन मिनिटे लागतात, पण तुटलेल्या केसाचा फाटका शेंडा दुसऱ्या दिवशी नव्या गुंत्याला आकडा होऊन बसतो. वाचवलेल्या नऊ मिनिटांचे व्याज चढतच राहते.

‘यात नवे ते काय? आमच्या आजीला हे सगळे ठाऊक होते,’ हा पहिला आक्षेप, आणि तो बराचसा खरा आहे. रात्री खोबरेल लावून सैल वेणी घालणे, रविवारी शिकेकाईने न्हाऊ घालणे, केस उन्हात कोरडे करून मगच विंचरणे, हे सगळे कारणांना धरून होते. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते आणि आंबटपणाने केसाची कौले बसतात. कपड्याच्या साबणाने ती उठतात. खोबरेलाचा अंश केसाच्या आत शिरतो आणि त्यातली प्रथिने धुऊन जाण्याला अटकाव करतो, हे आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाशी तुलना करून दाखवले. ते मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीतले संशोधक होते, हेही लक्षात ठेवावे. पण आजीच्या हातात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक ज्ञान, दुसरा जाच. दोन्ही बाजूंना बारीक दाते असलेली लाकडी फणी उवा-लिखांसाठी असते. तीच गुंत्यात घालायची आणि वर ‘मुलीच्या जातीनं सोसायला शिकावं’ असे म्हणायचे, यातले ज्ञान कोणते? कारण कळले की ही भेसळ वेगळी काढता येते. तेल ठेवावे, वेणी ठेवावी, सोसणे टाकून द्यावे.

दुसरा आक्षेप आजच्या आईचा आणि बापाचाही : ‘एवढा वेळ आहे कोणाला? सरळ बॉबकट करून टाका.’ मुलीला हवा असेल तर जरूर करावा. आखूड केसांत कमीपणा नाही, आणि 46 सेंटीमीटरचा हिशोब त्यांच्या बाजूचाच आहे. पण ‘नीट राहत नाहीस ना, मग कापूनच टाकते’ असे म्हणून केलेला बॉबकट हा उपाय नसतो, शिक्षा असते, आणि तिला गुन्हा जोडलेला असतो. वेळेच्या अडचणीला साधे उत्तर आहे : हे काम सकाळचे नाहीच. ते रात्रीच्या जेवणानंतरचे आहे. रात्री सोडवून सैल वेणी घातलेले केस सकाळी मोकळे केले तर फार गुंतलेले नसतात. आणि ते आईचेच काम आहे असेही कुठे लिहिलेले नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात केसांचा जुडा बांधलेली लहान मुले दिसतात. लांब केस मुलींचेच असतात आणि ते बायकांनीच विंचरायचे असतात, हा समज तिथे एका नजरेत गळून पडतो.

आता त्या टोकाकडे. केस बरेच दिवस विंचरले गेले नाहीत, गळलेले केस आतच राहिले, वर तेल, घाम आणि धूळ बसली, की कौले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा व्हावा तसा केसांचा गठ्ठा होतो. तीच जट. सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणाऱ्या अनेक घरांत मुलीच्या डोक्यात जट दिसली की ते देवीचे बोलावणे समजले जाई. त्या क्षणी फणी थांबे आणि भंडारा सुरू होई; फणी थांबली म्हणून जट वाढे, आणि वाढलेली जट बोलावण्याचा पुरावा ठरे. पुढे मुलगी देवीला ‘सोडली’ जाई. मराठीत गुंताही सोडवतात आणि मुलगीही सोडतात. मधला एक ‘व’ गळाला की आयुष्य बदलते. राजीव पाटील यांच्या 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटातल्या सुलीची कहाणी जटेपासूनच सुरू होते. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 मध्ये कायदा झाला, महाराष्ट्राने 2005 मध्ये नवा केला. पण डोक्यावरची जट कायद्याने निघत नाही. म्हणून नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघर जाऊन, समजूत घालून, कात्रीने जटा कापतात.

‘हा श्रद्धेचा प्रश्न आहे, भौतिकशास्त्र इथे आणू नका,’ असा तिसरा आक्षेप येतो, आणि शंकराच्या जटांचा दाखला दिला जातो. जाणत्या वयात कुणी स्वतःच्या मर्जीने जटा राखल्या तर तो त्याच्या डोक्याचा प्रश्न. पण साधूने जटा निवडलेल्या असतात. आठ वर्षांच्या मुलीने काय निवडले? शिवाय हीच जट पोलंडमध्येही होत असे. तिथे तिला ‘कोल्तुन’ म्हणत, आणि ती कापली तर माणूस आजारी पडतो, आंधळा होतो, असे लोक मानत. 19व्या शतकात क्राकूवचे वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ दित्ल त्या समजुतीविरुद्ध झगडले. स्वच्छता आणि कात्री आल्यावर कोल्तुन गेला. कुणी आंधळे झाले नाही. पोलंडला यल्लम्मा ठाऊक नव्हती आणि सौंदत्तीला कोल्तुन. दोन्हीकडे केस मात्र केसांसारखेच वागले.

‘झिंज्या करून ठेवल्यायत’ आणि ‘देवीचं बोलावणं आलंय’ ही वाक्ये शेजारीशेजारी ठेवणे अन्यायाचे वाटेल. एकाने सकाळ बिघडते, दुसऱ्याने जन्म. पण दोन्हींत चूक एकच आहे : केसांतल्या गाठीत मुलीविषयी काहीतरी लिहिलेले आहे असे समजून ते वाचायला बसणे. तिथे काही लिहिलेले नसते. गुंता सोडवून झाल्यावर कंगव्याच्या दातांत जे उरते त्याला आपल्याकडे गुंतवळ म्हणतात. पूर्वी खेड्यात ते साठवून ठेवत. दारावर येणाऱ्या बाईला दिले की बदल्यात सुया, फुगे किंवा एखादे भांडे मिळे. त्यात ना पुण्य असे, ना पाप. आपले दिवस भरलेले तीसचाळीस केस, बोटाभोवती गुंडाळलेले. रोजच्या रोज निघाले तर ते गुंतवळ, डोक्यातच राहू दिले तर जट. दोन्हींमधले अंतर एका कंगव्याचे आणि रात्रीच्या दहाबारा मिनिटांचे आहे. नऊदहा वर्षांची झाली की मुलगी स्वतःच कंगवा मागून घेते. तेव्हा ती वेणी पुढे खांद्यावर घेऊन शेंडा मुठीत धरते की भांगापाशी कंगवा रोवून दातओठ खात खाली ओढते, एवढे पाहावे. तिच्या केसांना आजवर कसे हात लागले, ते त्यावरून कळते.