गोचीड काढताना

जैनाच्या घरात मांजर कशाला, असं बेळगावात मला अजूनही कुणीतरी विचारतंच. मांजर उंदीर मारणार, पाखरं मारणार, आणि पाळणाऱ्याला त्याचा दोष लागणार, असं मानणारी जुनी माणसं आमच्यात पुष्कळ आहेत. माझं उत्तर ठरलेलं आहे. चिंगीला आम्ही आणली नाही. ती पावसात आमच्या जिन्याखाली येऊन बसली. दारात आलेल्या जिवाला हाकलायचं कसं? ती राहिली. पण ती राहिली म्हणजे तिच्या अंगावर जे काही होतं तेही घरात आलं. आणि खरा पेच उंदरावरून नाही, गोचिडावरून पडला.

पाठशाळेत आमच्याकडून इंद्रियांची मोजणी पाठ करून घेत. जंताला दोन, मुंगीला तीन, माशीला चार, मांजराला आणि आपल्याला पाच. ऊ, ढेकूण, गोचीड ही सगळी मुंगीच्या रांगेतली. त्यांना स्पर्श, चव आणि वास कळतो. पुढे वाचताना समजलं की गोचिडाचं वास घेण्याचं अंग त्याच्या पुढच्या पायांवर असतं. हा कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा जीव. तो उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या टोकाला चढून पुढचे पाय पसरून थांबतो आणि उबदार अंग घासून गेलं की धरतो. एकदा तोंड रुतवलं की लाळेनं स्वतःला चिकटवून घेतो आणि कित्येक दिवस रक्त पीत राहतो. म्हणूनच तो हातानं ओढून निघत नाही.

चिंगीच्या कानामागे पहिला गोचीड दिसला तेव्हा घरात जितकी माणसं तितकी औषधं निघाली. कुणी म्हणालं रॉकेल लाव, कुणी तंबाखूचं पाणी, कुणी पेटत्या उदबत्तीचा चटका. जनावरांच्या डॉक्टरांनी या सगळ्याला हात जोडले. चटका दिला किंवा तेलात गुदमरवलं की गोचीड सुटण्याआधी आपली लाळ आणि पोटातलं मांजराच्याच अंगात ओततो. रोग आत जातो तो असाच. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटतं. जे कातडीवर लावलं ते पोटात गेलंच म्हणून समजा. रॉकेल, तंबाखू, कापूर, फिनेल, डेटॉल हे सगळं मांजराला विष आहे.

एका दुकानदारानं तर मला कुत्र्याच्या मानेवर घालायचं औषध काढून दिलं. ‘‘लहान जीव आहे, अर्धंच घाला,’’ म्हणाला. हे मात्र प्रत्येकीनं गाठीला बांधून ठेवावं. कुत्र्याच्या अशा पुष्कळ औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या अंगात पचत नाही. थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. अर्धं नाही, थेंबभरही नको. मांजराचं औषध मांजराच्या वजनावर आणि डॉक्टरांना विचारूनच.

आता काढायचं कसं ते सांगते. दोघी असलेल्या बऱ्या. एकीनं मांजराला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरावं, डोकं तेवढं बाहेर. दुसरीनं हातमोजे घालावेत, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी. केस बाजूला करून आधी नीट बघावं, चष्मा लावून. पोटावरचं सड गोचीड समजून ओढणाऱ्या बायका मी पाहिल्यात! सड मांजराला असतात, बोक्यालाही असतात, आणि ते दोन ओळींत असतात. गोचीड कुठंही असतो; जास्त करून कान, मान, हनुवटीखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात. जवळून पाहिलं की पाय दिसतात.

बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. गोचिडाचं फुगलेलं पोट धरू नये, कारण ते दाबलं की पुन्हा तेच, आतलं सगळं मांजराच्या अंगात. अगदी कातडीला टेकून, तोंडाशी धरावं आणि सरळ वर, सावकाश, एकसारखं ओढावं. हिसका नाही, घाई नाही. क्षणभर कातडी वर उचलल्यासारखी होते, मग तो सुटतो. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईनं कोरत बसू नये. अंग तो आपोआप बाहेर टाकतं. सूज किंवा पू दिसला तर डॉक्टर. जागा मिठाच्या कोमट पाण्यानं पुसावी, आपले हात साबणानं धुवावेत आणि कॅलेंडरवर तारीख लिहावी. पुढच्या काही आठवड्यांत मांजर खाईनासं झालं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या तर ती तारीख डॉक्टरांच्या कामाला येते.

काढलेल्या गोचिडाचं काय करायचं, हा आमच्या घरचा प्रश्न.

‘‘मारू नको बाई,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘परसात नेऊन सोड की.’’

त्यांना आम्ही आई म्हणतो. मी म्हटलं, ‘‘आई, ही पोट भरलेली मादी आहे. मातीत पडली की हजारांनी अंडी घालणार. ती पिल्लं चिंगीवर येणार, पलीकडच्या म्हशीवर जाणार. मग ते सगळे जीव कुणाच्या खात्यावर?’’

‘‘मग बाटलीत घालून ठेव.’’

बाटलीतही तो लगेच मरत नाही. ती तर जास्तच क्रूर शिक्षा. नखाखाली चिरडण्याचं तर नावच नको. आपल्या बेळगावच्या दोन्ही अंगांना हे लोकांनी भोगलंय. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माकडताप ओळखला गेला. 2015 मध्ये तो गोव्यात सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्गात पोचला. जंगलातल्या गोचिडांतूनच तो माणसाला होतो. घरच्या मांजराचा त्यात काही दोष नाही, पण कुठलाही गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये हा धडा सगळ्यांनाच लागू आहे.

शेवटी मी लहान बाटलीत स्पिरिट घेतलं. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आम्ही शिकलोय: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायचं म्हणून मारणं ती संकल्पी आणि ती सोडायचीच. माझी ही कुठल्या खात्यात बसते ते पंडितांनी सांगावं. दोष लागत नाही असं मी म्हणत नाही. तो परसातल्या गवतावर नाही तर शेजारच्या म्हशीवर ढकलण्यापेक्षा माझ्या नावावर असलेला बरा, एवढंच मला कळतं. आई काही बोलल्या नाहीत. बाटलीला झाकण लागेपर्यंत त्या जवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी हळू आवाजात णमोकार म्हटला. पार्श्वनाथांनी जळत्या लाकडातल्या नागांना ऐकवला होता, तो गोचिडाला का नको?

तेव्हापासून आमच्या घरी एक नेम आहे. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकतात आणि मग आई बारीक दातांची फणी घेऊन बसतात. शेपटीपासून कानापर्यंत पाच मिनिटं. परसातलं गवत आम्ही वाढू देत नाही, रात्री चिंगीला बाहेर सोडत नाही. तोंड रुतवण्याआधीच सापडलेला गोचीड सहज निघतो, आणि पोट न भरलेली मादी अंडी घालत नाही. गेल्या पावसाळ्यात बाटली दोनदाच उघडावी लागली. आईंना तेवढंही जास्त वाटतं. मलाही.